आशीर्वादानंतरची सभा

आमच्या चर्चला दोन वॉर्डन असतात. एक पाळक निवडतात, एक लोक निवडतात. पाळकांनी आमच्या ह्यांना निवडलं, कारण हे कुणालाच नाही म्हणत नाहीत. लोकांनी मला निवडलं, कारण मी म्हणते. झालं, एकाच घरात दोन वॉर्डन! लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि गेली तीन वर्षं चर्चचा निम्मा कारभार आमच्या स्वयंपाकघरात चालतो. त्यावर मंडळीत जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेलेत. नवा कुणाला सुचला तर जरूर सांगा, मी शिवणयंत्रावर बसल्या बसल्या ऐकते.

वॉर्डन म्हणजे कोण, असं बाहेरच्या माणसाला समजावून सांगितलं की तो मान हलवून म्हणतो, "म्हणजे पाळकांचे मदतनीस." इथेच माझं डोकं फिरतं. उपासना पाळकांची, प्रवचन त्यांचं, बाप्तिस्मा, लग्न, दफन त्यांचं. त्यात मी कधी नाक खुपसलेलं नाही. पण बाकं, पुस्तकं, चांदीचा प्याला आणि मनोऱ्यातली घंटा ही मंडळीची, आणि ती सांभाळायला वॉर्डन. उरलेलं सगळं बारा जणांची कमिटी ठरवते. कमिटीचे अध्यक्ष पाळक, पण मत त्यांना एकच, माझ्याइतकंच. हे मी मनाने सांगत नाही, नियमांच्या पुस्तकात छापलंय. तपकिरी पुठ्ठ्याचं पुस्तक आहे. एक प्रत माझ्याकडे, एक पाळकांकडे. माझी वाचून वाचून मऊ पडलीय. त्यांची कपाटात कोरी असणार, अशी माझी समजूत होती.

तर त्या आठवड्यात, बुधवारी, ह्यांनी चहा पिता पिता विचारलं, "ती लांब शिडी कुठे ठेवलीस गं?"

"कशाला हवी?"

"असंच."

हे वायरमन आहेत. वायरमनला लांब शिडी असंच लागत नाही. मी हातातलं उसवलेलं पाकीट खाली ठेवलं.

"मनोऱ्यात जरा काम आहे," हे कपात बघत म्हणाले. "घंटेला मोटर बसवायची आणि टायमर. पाळकसाहेबांनी सांगितलंय."

"कमिटीत ठरलं?"

"ठरेल ना रविवारी."

"म्हणजे आधी बसवायचं आणि मग ठरवायचं."

"अगं, मी नुसती वायर ओढून ठेवतोय. जोडत थोडीच आहे?"

"आणि मावशींचं काय?"

ह्यांनी चहाचा रिकामा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. तेवढ्यावरून मी ओळखलं.

किल्लीमावशी म्हणजे आमच्या चर्चच्या सेवक. फाटकाजवळ, मनोऱ्याच्या पायथ्याला चिकटून एक खोली आहे, तिथे त्या राहतात. दारं उघडायची, बाकं पुसायची, मेणबत्त्या लावायच्या, बाप्तिस्म्याच्या कुंडात पाणी भरायचं, पितळ घासायचं आणि घंटा वाजवायची, हे सगळं त्यांचं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून किल्लीमावशी. आधी हे काम त्यांच्या नवऱ्याचं होतं. ते वारले, मावशींनी दोर हातात घेतला, त्याला एकोणीस वर्षं झाली. आता मावशी चौसष्टच्या आहेत, गुडघे कुरकुरतात, पण घंटा एक मिनिट इकडची तिकडे झालेली मी ऐकली नाही.

"खोलीचं काय करणार?" मी विचारलं.

"तिथे भेटीची खोली करायचीय म्हणतात. लोक रडत येतात, पाळकांशी बोलायला कुठे बसायचं? तेही खरंच आहे गं."

खरं होतं, हाच तर त्रास होता. मीच एकदा एका आईला घेऊन बोळात बसले होते, एका बाजूला पोछा आणि एका बाजूला छत्र्या. तिचा मुलगा गेला होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्या पायांवरून ओलांडून जात होता.

"आणि मावशींनी कुठे जायचं?"

"पुतण्या आहे ना."

"त्या पुतण्याला त्यांनी बाप्तिस्म्यानंतर पाहिलेला नाही!"

"मला काय सांगतेस? मी फक्त वायरमन आहे."

"तुम्ही वॉर्डन आहात," मी म्हटलं. "अर्धे." आणि शिडी कुठे आहे ते सांगितलं नाही. ती पलंगामागे होती. मिळाली त्यांना.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये गाणाऱ्या कॉयरचे दुरुस्त केलेले झगे द्यायचं निमित्त करून मी मावशींकडे गेले. त्या दारात बसून पितळी मेणबत्तीदाण्या घासत होत्या.

"पाळक आले होते," मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या. "टेप घेऊन. खोली मोजली. माझ्या पलंगाखालूनसुद्धा टेप घातली."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मावशी, आता आराम करा. मी म्हटलं, दमले असं मी कुणाला सांगितलं?"

"मावशी, तुम्ही अजिबात काळजी करू नका."

त्यांनी मेणबत्तीदाणी उजेडात धरली, डाग दिसला, पुन्हा घासायला घेतली. "मी कशाला करू काळजी? तुम्ही करा. तुम्हाला निवडून दिलंय. वार्षिक सभेत माझाही हात वर होता."

मी झगे ठेवले आणि तशीच वेस्ट्रीत गेले. वेस्ट्री म्हणजे पाळक झगा चढवतात ती मागची खोली. तिथल्या लोखंडी कपाटात कमिटीच्या जुन्या वह्या असतात आणि त्याची किल्ली वॉर्डनकडे असते. सगळ्या वह्या काढल्या, जमिनीवर बसले आणि मागून पुढे वाचत गेले. मावशींच्या नवऱ्याची नेमणूक सापडली. व्यवस्थित ठराव, 'चर्चचे सेवक, खोलीसह', खाली तेव्हाच्या पाळकांची आणि दोन वॉर्डनची सही. मग ते वारल्याची नोंद, दुखवट्याचा ठराव. आणि मग मावशींची नेमणूक शोधायला लागले, तर ती कुठेच नाही.

आभार होते. दर वार्षिक सभेत शेवटून दुसरा विषय, मावशींचे आभार, टाळ्या. एकोणीस वेळा आभार मानले होते आणि नेमणूक एकदाही केली नव्हती. असला घोटाळा फक्त आमच्यासारखी सज्जन माणसंच करू शकतात. प्रत्येकाला वाटलं, आधीच्यांनी केलं असेल. मी दात-ओठ खात पानं उलटत होते, कोण हे आंधळे वॉर्डन म्हणून, आणि शेवटच्या तीन आभारांखाली मला माझीच सही दिसली.

नियम स्पष्ट होता. पान अठरा. सेवकाची नेमणूक किंवा सेवेतून मुक्तता कमिटी करील, आणि पत्रावर पाळक व दोन्ही वॉर्डन सही करतील. पाळक एकटे मावशींना काढू शकत नव्हते. पण ज्या बाईला कुणी नेमलंच नाही तिला काढायचं तरी कशातून?

कमिटी रविवारी उपासनेनंतर हॉलमध्ये बसते. बारापैकी आम्ही नऊ जण आलो होतो. सेक्रेटरी म्हणजे आमच्या नर्सबाई. त्या इतिवृत्त पेशंटच्या तक्त्यासारखं लिहितात, वेळ टाकून, आणि त्यात कुणाचंच नाव मोठं होत नाही. शेजारी बेकरीवाला, त्याच्या पलीकडे कॉयरमधल्या काकू, समोर आमचे हे, आणि टेबलाच्या टोकाला मास्तर. मास्तर भूगोल शिकवायचे, आता निवृत्त. नऊ वर्षं कमिटीचे उपाध्यक्ष आहेत आणि नऊ वर्षांत एकदाही अध्यक्षांच्या जागी बसायची पाळी आली नाही, याचा त्यांना मनापासून आनंद आहे.

पाळक चाळिशीच्या आतले. भरभर चालतात, भरभर बोलतात. माणूस वाईट नाही. दवाखान्यात कुणाला मध्यरात्री भेटायला जायचं तर सगळ्यांच्या आधी ते पोचतात. फक्त एखादी गोष्ट डोक्यात आली की ती झालीच, असं त्यांना वाटतं.

"विषय चौथा," ते म्हणाले, "मनोऱ्यातील सुधारणा. टायमर येतोय, वायर ओढून झालीय. फाटकाजवळची खोली भेटीसाठी घेऊ. मावशींशी मी बोललोय. पुढे जाऊ या?"

"नाही," मी म्हटलं. "सेवकाला काढायचं तर कमिटीचा ठराव लागतो. पान अठरा."

"काढण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांची नेमणूकच झालेली नाही. मी वह्या पाहिल्यात, बाई."

म्हणजे ह्यांच्याकडची किल्ली घेऊन त्यांनीही वह्या वाचल्या होत्या. पुस्तकही वाचलं होतं. मी त्यांना कमी लेखलं होतं, चूक माझी. पण आता माझ्याही अंगात आलं होतं.

"झाली नाही ना? मग आज करू या. माझी सूचना, मावशींची चर्चच्या सेवक म्हणून खोलीसह नेमणूक करावी."

"हे विषयपत्रिकेवर नाही."

"विषय मनोऱ्याचाच आहे. घंटा मनोऱ्यात, मावशी घंटेपाशी."

"सूचना लिहिली," नर्सबाई मान वर न करता म्हणाल्या. "बारा वाजून दहा मिनिटं. अनुमोदन?"

"माझं," बेकरीवाला म्हणाला. त्याच्या आईच्या दफनाला घंटा मावशींनीच वाजवली होती.

पाळकांनी फाइल मिटली. "वातावरण तापलंय. अशा मनःस्थितीत निर्णय नकोत. आपण प्रार्थनापूर्वक विचार करू, पुढच्या महिन्यात बोलू." आणि ते उभे राहिले, हात वर केला आणि आशीर्वादाचे शब्द म्हणायला सुरुवात केली.

आता हे नीट समजून घ्या. आमच्याकडे सभा आशीर्वादाने संपते. आशीर्वाद सुरू झाला की माणसं उभी राहतात, माना खाली घालतात, आमेन म्हणतात आणि चपला शोधायला लागतात. जुने पाळक होते तेव्हापासूनची सवय. या पाळकांनी ती पटकन उचलली. अडचणीचा विषय निघाला की हात वर. देवाच्या नावाने दिलेलं कोण अडवणार? छपराची गळती अशीच चार महिने आशीर्वादात वाहून गेली होती. आणि दर वेळी मीही उभी राहिले होते. पुढच्या महिन्यापर्यंत टायमर टणाटण वाजायला लागला असता, खोलीला रंग लागला असता आणि मावशी त्या न पाहिलेल्या पुतण्याच्या दारात बोचकं घेऊन उभ्या असत्या.

खुर्च्या मागे सरकल्या. सगळे उठले. माझे गुडघे आपोआप उठायला लागले, खरं सांगते, लहानपणापासूनची सवय आहे, आई असती तर तिथल्या तिथे थोबाडीत दिली असती. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि बसून राहिले. मान खाली घातली, आशीर्वाद पूर्ण घेतला, आमेनही म्हटलं, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

"सभा संपली," पाळक म्हणाले.

"आशीर्वाद झाला, पाळकसाहेब. सभा नाही झाली. सभेच्या संमतीशिवाय अध्यक्षांना सभा तहकूब करता येत नाही. पान एकवीस."

"आशीर्वादानंतर तुम्ही वाद घालणार?"

"आशीर्वाद मी घेतला. मत अजून दिलं नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी फाइल उचलली आणि दाराकडे निघाले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांनी पाळकांची विसरलेली बॅग उचलली आणि त्यांच्या मागोमाग बाहेर गेले. आणखी दोघेही गेले. सत्तावीस वर्षांत मला ह्यांचा राग पुष्कळदा आला असेल, लाज त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

नर्सबाई केव्हाच पुन्हा बसून लिहायला लागल्या होत्या. बेकरीवाला बसला. काकू बसल्या, म्हणाल्या, "मला तरी उभं राहवत नाही फार वेळ." मी धरून चार. सभेला पाच लागतात. पाचवे मास्तर, आणि ते उभे होते, एक हात खुर्चीवर, एक पाय दाराच्या दिशेने.

"मास्तर, बसा," मी म्हटलं.

"अहो, पण आशीर्वाद झालाय."

"अध्यक्ष उठून गेले की अध्यक्षस्थानी कोण?"

"उपाध्यक्ष."

"उपाध्यक्ष कोण?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, दुसरं कुणी निघतंय का म्हणून. "मी."

"नऊ वर्षांत काय केलंत?"

"चहा सांगायचो," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

बेकरीवाला त्यांचा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, तुमच्या तासाला हेडमास्तर वर्गातून उठून गेले असते तर तुम्ही वर्ग सोडला असता?"

"माझ्या वर्गातून घंटेच्या आधी कधीच कुणी सुटलेलं नाही!" मास्तर एकदम ताठ झाले. मग स्वतःचंच बोलणं ऐकल्यासारखे थांबले. पाळकांच्या खुर्चीला हात लावायची त्यांची छाती झाली नाही. स्वतःची खुर्ची ओढत आणली, तिच्या शेजारी ठेवली आणि बसले. आणि एकदा बसल्यावर विचारू नका. चमच्याने कप वाजवला. "सूचना पुन्हा वाचा. मागच्या बाकापर्यंत ऐकू आली पाहिजे. काकू, कुजबुज नको."

काकू कुजबुजत नव्हत्या, पण गप्प झाल्या.

नर्सबाईंनी सूचना वाचली. मावशींची आजपासून चर्चच्या सेवक म्हणून, खोलीसह, नेमणूक. पाच हात वर. मग नर्सबाईंनीच पेन खाली ठेवून विचारलं, "आणि रडत येणाऱ्यांचं काय? पाळक ते खोटं नाही बोलले. वॉर्डमध्ये मी रोज बघते, माणसाला दार लावून रडायला चार भिंती लागतात." मला वेळ लागला नाही. हॉलच्या मागे मोडक्या खुर्च्यांची कोठी आहे, चांगली मोठी, खिडकीसकट. ती रिकामी करून पाळकांना भेटीसाठी द्यावी, काम वॉर्डननी पाहावं, अशी दुसरी सूचना मी मांडली. तीही मंजूर. ही कोठी इतकी वर्षं तिथेच होती, पण पाळकांनी विचारलं नाही आणि आम्ही सुचवलं नाही.

नर्सबाईंनी तिथल्या तिथे पत्र लिहिलं. बाकीचे घरी निघाले आणि मी पत्र आणि पुस्तक घेऊन बाहेर आले. पाळक चर्चच्या ओसरीत उभे होते, शेजारी हे, हातात अजून ती बॅग.

"सही हवी," मी म्हटलं.

"मी नसताना ठराव?"

"तुम्ही गेलात. सभा नाही गेली."

"मला हे बिशपसाहेबांना कळवावं लागेल."

"जरूर कळवा. पत्ता लिहून देऊ?"

"तुम्ही मला न विचारता..."

"तुम्ही मावशींना न विचारता!" माझा आवाज चढला. "पलंगाखालून टेप घातलीत त्यांच्या. त्या तिथेच उभ्या होत्या, पाळकसाहेब. तुम्ही आत या, विरोध करा, मत द्या, हरलात तर हरा, जिंकलात तर मी वाकून सही करीन. पण हात वर करून देवाला मध्ये घालू नका. तो आमचाही आहे."

हे बॅगेच्या कडीशी खेळत राहिले. पाळकांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं. पान अठरा वाचलं, मग एकवीस. पुन्हा अठरा. मग कोठीचा ठरावही वाचला. वाचताना त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत नाही, पण त्यांनी खिशातलं पेन काढलं, पत्र भिंतीवर टेकवलं आणि सही केली. ह्यांनी केली, माझ्याकडे न बघता. शेवटी मी. तिघंही फाटकाशी गेलो, कारण पत्र द्यायला तिघांनी जावं असं मला वाटत होतं, आणि आश्चर्य म्हणजे पाळकांनाही.

मावशींनी पत्र हातभर लांब धरून वाचलं. ओठ हलत होते.

"आजपासून?" त्या म्हणाल्या.

"हो, आजपासून!" मी म्हटलं. मला वाटलं आनंदाने विचारतायत.

"मग कालपर्यंत मी कोण होते?"

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे.

"एकोणीस वर्षं दारं कुणी उघडली? तुमची तिघांची लेकरं ज्या पाण्यात न्हाली ते कुणी भरलं? आज काय, नवी भरती झालीय माझी?" त्यांनी पत्राची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "खोली सोडायची तर सोडते, बोचकं बांधायला मला अर्धा तास लागेल. पण हा कागद मी घेणार नाही."

मला आधी संताप आला. तुमच्यासाठी मी आशीर्वादाला बसून राहिले, नवऱ्यासमोर तोंडघशी पडले, पाळकांशी भांडले, आणि तुम्ही तारखेवर अडता? अगदी ओठांवर आलं होतं. आणि मग त्या वह्या आठवल्या. तीन वर्षं मी आभारांखाली झोकदार सही करत होते. टाळ्याही वाजवल्या होत्या. संताप कुठल्या कुठे गेला, राहिली ती शरम.

"तारीख खोडून दुसरी घालू?" पाळकांनी पेन काढलं. मनापासून विचारत होते.

"नाही," मी म्हटलं. "आजची तारीख कमिटीने मंजूर केलीय. आपण तिघं फाटकात उभं राहून ती बदलू शकत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पान?"

"बावीस."

"मग कमिटी बोलवा, बाई."

मी रस्त्यावर धावत गेले. मास्तर कोपऱ्यापर्यंत पोचले होते. "मास्तर! तुम्ही सभा संपवलीत का?"

मास्तर थांबले, विचार केला, आणि कपाळावर हात मारून घेतला. संपवायची राहूनच गेली होती. बेकरीवाल्याला सायकलवरून उतरवलं, काकूंना शेजारच्या घरातून हाक मारली. पाचच मिनिटांत सगळे पुन्हा हॉलमध्ये. पाळक त्यांच्या खुर्चीत बसले, मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडत आपली खुर्ची जागेवर नेली. मावशींना मी आत घेऊन आले. त्या या टेबलाशी हजार वेळा वाकल्या असतील, पुसायला. बसल्या नव्हत्या कधी. नर्सबाईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि मावशी बसल्या.

"कोणती तारीख घालायची, मावशी?" पाळकांनी विचारलं.

"मला तारीख पाठ नाही. तुमच्या दफनाच्या वहीत असेल. माझे मालक गेले ती बघा. ते गेले ती नव्हे, त्यांना पुरलं ती." मावशी टेबलाकडे बघत बोलत होत्या. "घंटा तेच वाजवायचे. मग त्यांना नेताना कोण वाजवणार? तेव्हाचे पाळक म्हणाले, आज राहू दे. मी म्हटलं, का राहू दे? सगळ्या गावाची वाजवली त्यांनी. मी वर गेले आणि वाजवली. पेटी खड्ड्यात उतरेपर्यंत वाजवत होते. म्हणून मी मातीला नव्हते. लोक म्हणाले, बायको कुठे गेली? बायको कामावर होती. ती तारीख लिहा."

दफनाची वही पाळकांच्या ताब्यात असते, तिला वॉर्डनसुद्धा हात लावत नाहीत. ते स्वतः उठले, वेस्ट्रीत गेले आणि वही घेऊन आले. पान शोधलं. तारीख मोठ्याने वाचताना त्यांचा आवाज नेहमीसारखा भरभर निघाला नाही.

"नेमणूक या तारखेपासून धरावी," ते म्हणाले. "सूचना कुणाची?"

मी तोंड उघडलं.

"माझी," आमचे हे म्हणाले.

तीन वर्षांत ह्यांनी कमिटीत एक सूचना मांडलेली नाही. सगळ्या माना वळल्या. ह्यांचे कान लाल झाले होते, पण हे बसले नाहीत, उभेच राहिले. "आणि टायमरची वायर मी उद्या काढतोय," हे म्हणाले. "तेही लिहा."

"अनुमोदन," मी म्हटलं.

हात वर गेले. नर्सबाईंनी मोजले. "सहा. अध्यक्ष?"

"आधीच्या नेमणुकीच्या ठरावाला माझा विरोध आहे, आणि तो विरोध म्हणूनच नोंदवा," पाळक म्हणाले. मग त्यांनी हात वर केला, आशीर्वादाला करतात तसा उंच नाही, आमच्यासारखाच, खांद्याएवढा. "याच्या बाजूने."

नवं पत्र लिहिलं गेलं, तीन सह्या झाल्या. मावशींनी तारखेवरून बोट फिरवलं, आकडा न् आकडा वाचला, घडी घालून कागद किल्ल्यांच्या शेजारी खोचला. मग त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पाळकांकडेसुद्धा.

"उठा आता," त्या म्हणाल्या. "मला हॉल झाडायचाय."

आम्ही सगळे उठलो.